गळतीचा खटका

माझा मामा कोणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी बोर्डाकडे बघायचा. घरातले "या, या, बसा" म्हणत असायचे आणि हा दारामागे मान घालून कुठला खटका कशाचा ते बघत उभा. मग घरातून एक फेरी. फ्रिज, गीझरचा नळ, वॉशिंग मशीन, सगळ्यांना तो हाताची उलटी बाजू लावून बघे. उलटीच का, तर वीज लागली की मूठ आवळते. तळहाताने धरलं तर माणूस त्या वस्तूला चिकटून बसतो, उलटा हात लावला तर तो आपोआप मागे येतो. हे त्याने आम्हाला इतक्या लहानपणी शिकवलं की आजही कोणी हात मिळवायला पुढे आलं की मी क्षणभर अडखळते.

मामा वायरमन होता. सगळे त्याला खटकामामा म्हणत, शेजारचे म्हातारेसुद्धा. बोर्डावरच्या ज्या बटणाला आता सगळे एमसीबी म्हणतात, त्याला तो शेवटपर्यंत खटकाच म्हणाला. आणि खटका पडला म्हणून कुणी खटक्यालाच शिव्या दिल्या की त्याचं डोकं फिरे.

"घरात चोर शिरला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला कोणी दगड मारतं का?" तो विचारायचा. "पडायची कारणं तीन. चौथं नाही. गीझर, इस्त्री आणि शेगडी एकदम लावलीत, तार तापली, की पडतो. जरा वेळ घेऊन पडतो, बिचारा वाट बघतो तुमच्या अकलेची. दोन तारा एकमेकींना भिडल्या तर ताडकन पडतो, वर केला की परत ताडकन. आणि तिसरी गळती."

गळतीवर आला की त्याचा आवाज खाली येई. बोर्डावर इतरांपेक्षा रुंद असा, वर एक बारीक बटण असलेला खटका असतो. तो मामाच्या भाषेत गळतीचा खटका. जितकी वीज घरात गेली तितकी परत आली पाहिजे, एवढाच त्याचा हिशोब. थोडी जरी कमी आली तरी तो पडतो, कारण ती कमी पडलेली वीज कुठून तरी जमिनीत जात असते. ओल्या भिंतीतून, मशीनच्या पत्र्यातून, नाहीतर माणसातून.

"बाकीचे खटके तारेला वाचवतात," मामा म्हणायचा, "हा माणसाला वाचवतो. याला कधी गप्प करायचं नाही."

आमचं घर म्हणजे त्याने एकट्याने केलेलं पहिलं काम. तेव्हा तो जेमतेम विशीतला होता. आई त्याची मोठी बहीण. भावाच्या हाताला यश यावं म्हणून बाबांच्या मनात नसताना तिने काम त्याला दिलं. त्या घराचा त्याला भयंकर अभिमान. "ताईच्या घरात खटका पडत नाही," असं तो चारचौघांत सांगे, जणू आमच्या घरातली वीज सुद्धा त्याच्या शिस्तीत वाढली होती.

आणि मग आमच्या घरात खटका पडायला लागला. तोही गळतीचाच.

रोज नाही. कपडे धुतले की पडायचा, तेही प्रत्येक वेळी नाही. साहजिकच सगळ्यांनी बोट दाखवलं वॉशिंग मशीनकडे. मामाने मशीन उघडून तपासलं, ठणठणीत. तरी दुसऱ्या प्लगवर लावलं. गीझर सोडवला. प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण खोलून बघितलं. काही नाही. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून मीटर घेऊन घरभर फिरत असायचा आणि खटका अगदी सज्जनासारखा वर. मामा गेला की आई राहिलेलं धुणं उरकायची, आणि तो घरी पोचला नाही तोच तिचा फोन: "अरे, पडला बघ परत."

लोकांना तेवढंच हवं होतं. शेजारचा शिंपी दुकानातून ओरडायचा, "काय मामा, दिव्याखाली अंधार का?" मामा हसायचा. पण मी त्याची भाची, मला त्याचं खरं हसू माहीत आहे. हे ते नव्हतं.

आईच्या साठाव्या वाढदिवसाला घर माणसांनी भरलं होतं. पाहुणे येणार म्हणून आईने दुपारीच पडदे आणि चादरी धुऊन मागच्या गॅलरीत वाळत टाकल्या होत्या. संध्याकाळी केक टेबलावर आला आणि खटका पडला. मामाने वर केला. लोक हसले, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा अंधार झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "मेणबत्त्या आहेतच, काय घाई आहे!" आणि हशा पिकला.

त्या गर्दीत बत्ती होता. बत्ती म्हणजे मामाच्या हाताखाली शिकलेला वायरमन. शिकत असताना मामाच्या खांद्यामागून टॉर्च धरायचा म्हणून हे नाव. आता त्याचं स्वतःचं मोठं दुकान, चांगलं पोट सुटलेलं, चार माणसं हाताखाली. तो हळूच पुढे आला आणि अगदी आदराने म्हणाला, "मामा, मी बघू का जरा?"

त्याने ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते आदराने विचारणंच मामाला झोंबलं.

"बघायचंय काय त्यात? खटकाच गेलाय," मामा म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं. स्टुलावर चढला, टॉर्च दातात धरला, मेन स्विच पाडून गळतीच्या खटक्याच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि त्याला वगळून थेट पुढे जोडल्या. मेन वर केला. दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा स्टुलावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. आईने केकचा पहिला तुकडा त्याला भरवला.

"उद्या नवीन आणून बसवतो," तो म्हणाला. पण कोणाला, ते कळलं नाही. ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

नवीन खटका त्याने दुसऱ्याच दिवशी आणला, हे मी त्याच्या बाजूने सांगते. खोक्यातला, सील न फोडलेला. तो त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पडून राहिला. मामा येत होता, चहा पीत होता, पिशवी पायाशी ठेवत होता आणि तशीच उचलून जात होता. बसवायला वेळ किती लागतो? चहा निवेपर्यंत झालं असतं. पण नवीन बसवला आणि तोही पडला तर? मग खटका खराब नव्हता हे सगळ्यांना कळणार. गळती घरातच आहे, आणि खटकामामाला ती सापडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने मूठ झाकून ठेवली. दिवे जात नव्हते. शिंपी गप्प होता. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "भावाने बघ कसं चुटकीसरशी केलं."

एकदा चहा पिताना आई म्हणाली, "अरे, हल्ली कपडे वाळत घालताना हाताला मुंग्या येतात."

मी तिथेच बसले होते. मामाने कप खाली ठेवला. 

"हात वर धरून उभी राहतेस ना, रक्त उतरतं," तो म्हणाला. "वय झालं ताई. डॉक्टरला दाखवून घे."

आई हसली. "तू लहान आहेस का मोठा!" आणि विषय संपला. पिशवी त्याच्या पायाशीच होती.

पुढच्या धुण्याच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मागच्या गॅलरीतून आवाज आला. किंकाळी नव्हती ती. कोणीतरी जड वस्तू ओढताना दात-ओठ खाऊन काढतो तसला. जाऊन बघते तर आई कपड्यांच्या लोखंडी तारेला लोंबकळल्यासारखी उभी. एका हाताची मूठ तारेवर आवळलेली, पाय ओल्या फरशीवर, डोळे माझ्याकडे. धावत जाऊन तिला ओढावं म्हणून मी हात पुढे केलाही. आणि मामाचा आवाज कानात वाजला, लहानपणी हजारदा ऐकलेला: चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन. मी उलटी पळाले, मेन पाडला. मागे आई खाली कोसळल्याचा आवाज आला.

आई वाचली. हे आधीच सांगून टाकते, उगाच टांगणीला लावायची मला सवय नाही. तळहात भाजला होता, कोपर मोडलं होतं, आणि डॉक्टरांनी हृदयावर लक्ष ठेवायला म्हणून तिला ठेवून घेतलं.

धुण्याच्या दिवशीच घडलं म्हणून बाबांचा संशय मशीनवरच, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहून ते फोनवर मशीन दुरुस्तीवाल्याच्या नावाने शंख करत होते. "तुमचं मशीन माणसं मारतं!" तो बिचारा पलीकडून काय सांगणार? मामा शेजारीच उभा होता. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग "जरा घरी जाऊन बघतो" म्हणून निघाला.

आईचे कपडे आणायला मी थोड्या वेळाने घरी गेले तर मामा स्टुलावर. खोक्याचं सील फोडलेलं, नवा कोरा खटका हातात. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. बोर्डात काय वगळलंय आणि काय जोडलंय, हे आम्हाला कुठे ठाऊक? त्याने तो बसवून झाकण लावलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. दोष मशीनचाच राहिला असता.

"बरं झालं मामा, नवीन बसवतोयस," मी म्हणाले. "त्या जुन्या मेल्याने ऐन वेळी दगा दिला."

मामाचा हात बोर्डावरच थांबला.

"बरं झालं म्हणू नकोस," तो म्हणाला. स्टुलावरून खाली उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. "त्याने दगा नाही दिला. मीच त्याला काढून टाकला होता."

मग सगळं सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या खटक्याकडे बघून सांगत होता. मला राग यायला हवा होता, आणि आला तोही, पण त्याच्या आधी मला लाज वाटली. ज्या माणसाने मला चालायच्या आधी वीज शिकवली, तो माझ्यासमोर मान खाली घालून बसलाय, याचीच लाज. मी तिथून निघून जाऊ शकले असते तर गेले असते.

"बत्तीला फोन लाव," तो म्हणाला. "मी आता इथे हात लावत नाही."

बत्ती दुकान टाकून आला. मामा कोपऱ्यात उभा राहिला आणि बत्तीने काम केलं. फार वेळ लागला नाही, कारण आता कुठे शोधायचं ते माहीत होतं: आईचा हात होता तिथे. गॅलरीतली तार दोन हुकांना बांधलेली होती. त्यातला एक हुक जुना होता. दुसरा मामाने वर्षभरापूर्वी बसवून दिला होता, आईचा हात पोचावा म्हणून जरा खाली. बत्तीने त्या हुकाभोवतीचं प्लास्टर फोडलं. आत विजेच्या तारेचा पाइप होता आणि हुकाचा स्क्रू त्या पाइपातून आरपार जाऊन तारेला खेटून बसला होता. भिंत कोरडी असली की काही नाही. ओले कपडे पडले, भिंतीला ओल आली, की वीज स्क्रूवरून हुकात आणि हुकावरून कपड्यांच्या तारेत. म्हणून पडदे धुतले त्या दिवशी तीन-तीनदा. म्हणून मामा कोरड्या सुट्टीच्या दिवशी मीटर घेऊन आला की सगळं आलबेल.

बत्ती त्या पाइपाकडे बघतच राहिला.

"मामा," तो म्हणाला, "ही तिरकी कशी?"

कारण भिंतीतली तार तिरकी नसते. ती एक तर सरळ उभी जाते, नाहीतर सरळ आडवी. म्हणूनच बटणाच्या वर-खाली किंवा रांगेत ड्रिल मारायचं नाही आणि बाकी भिंतीत खुशाल मारायचं. मामाने हे शिकवलं नाही असा माणूस आमच्या ओळखीत नाही. हुक लावतानाही त्याने बटणापासून अंतर नीट मोजून घेतलं होतं, मी स्वतः बघितलं होतं.

"मीच घातली," मामा म्हणाला. "पाइप कमी पडला. दुकान बंद होतं, सकाळी प्लास्टरवाला येणार. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी नेली की पुरत होता." मग म्हणाला, "विसरलो. लोकांना सरळ सरळ सांगता सांगता आपण तिरकी घातलीय हेच विसरलो."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शिंपी असता तर त्याने ते म्हटलं असतं. बत्ती काही म्हणाला नाही. त्याने फक्त मामाच्या हातातून तो नवा खटका घेतला आणि बसवायला लागला. ते गप्प राहणं मामाला कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी मामाने दवाखान्यात आईच्या पलंगापाशी उभं राहून सगळं सांगितलं. बाबांसमोर सांगितलं. तिरक्या पाइपापासून पिशवीतल्या खोक्यापर्यंत. बाबा उठून बाहेर गेले. पुढे कित्येक महिने ते मामाशी बोलले नाहीत आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. आई डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली,

"मी तुला मुंग्यांचं सांगितलं होतं."

"हो."

"तू डॉक्टरला दाखव म्हणालास."

"हो ताई. मला तेव्हाच शंका आली होती." मामा तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता. "आली होती शंका. पण खटका बसवला आणि पडला असता, तर लोक हसले असते."

 आई त्याला जा म्हणाली नाही आणि बसही म्हणाली नाही. तो तसाच उभा राहिला, भेटीची वेळ संपल्याचं नर्स सांगायला येईपर्यंत.

त्यानंतर मामाने जे केलं त्याला काही जण वेड म्हणाले. विशीत केलेली घरं त्याने आठवून आठवून शोधली. दारात उभं राहायचं, "तुमच्या भिंतीत माझी तार तिरकी गेली असेल," म्हणून सांगायचं, तपासायचं, आणि सापडली तर लाल खडूने भिंतीवर रेघ ओढायची, इथे खिळा मारू नका म्हणून. एका बाईंनी नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर रेघ बघून त्याला अद्वातद्वा सुनावलं. एकाने दारच उघडलं नाही. बहुतेकांनी चहा दिला आणि नंतर कामासाठी बत्तीला बोलावलं. स्वतःच्याच तोंडाने आपली अब्रू दारोदार वाटत फिरणारा वायरमन कोणाला हवा असतो? शिंप्याने मात्र त्याला कधी छेडलं नाही. मामा दुकानावरून जाताना तो शिवणात मान घालून बसायचा. मला वाटतं, ते त्याला जास्त लागलं.

आमच्या गॅलरीत आता प्लास्टिकची दोरी आहे. भिंतीतली तार बत्तीने सरळ करून दिली. गळतीचा खटका बोर्डावर बसलाय आणि तेव्हापासून एकदाही पडलेला नाही. राहिल्यात त्या आईच्या हातातल्या मुंग्या. तळहात बरा झाला, पण आतल्या नसेला काय झालं कोण जाणे, दोन बोटांत मुंग्या येतात त्या येतातच. डॉक्टर म्हणाले, राहतील.

पहिल्यांदा आई मामासमोर बोलून गेली, "आल्या बाई परत मुंग्या." मामा ताडकन उठला, गेला आणि मेन पाडला. भर जेवणात अंधार. मग टॉर्च घेऊन फ्रिज, गीझर, मशीन, गॅलरीतली ती प्लास्टिकची दोरीसुद्धा, सगळ्यांना उलटा हात लावत फिरला. मी म्हणाले, "मामा, नसेच्या मुंग्या आहेत त्या. आणि प्लास्टिकच्या दोरीत कुठली आलीय वीज?"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि फिरत राहिला.

तेव्हापासून आईने तो शब्द काढला नाही. मुंग्या आल्या की ती हात टेबलाखाली घेते आणि बोटं चोळते. पण मामा जेवताना ताटाकडे बघतच नाही, तिच्या हाताकडे बघतो. हात टेबलाखाली गेला की घास तसाच ठेवून उठतो. दिवे जातात. बाबा सुस्कारा टाकतात. आता ते बोलतात त्याच्याशी, कामापुरतं. अंधारात आम्हाला त्याची पावलं ऐकू येतात, या खोलीतून त्या खोलीत, आणि एकेका वस्तूपाशी थांबणं.

सगळं बघून तो बोर्डापाशी येऊन उभा राहतो. मेन वर करत नाही. वाट बघतो.

"थांबल्या," आई अंधारातून म्हणते.

थांबलेल्या नसतात. ते तिलाही माहीत असतं आणि त्यालाही. मग तो मेन वर करतो, आणि आम्ही जेवायला लागतो.